बिगूल, हलगी आणि गुणपत्रक : पथकवादनाच्या स्पर्धेचा इतिहास

पितळी सुषिरवाद्ये, म्हणजे फुंकून वाजवायची वाद्ये, आणि चर्मवाद्ये एवढ्यांच्याच बळावर उभे राहणारे, कवायतीच्या चालीत पावले टाकीत वाजवणारे आणि परीक्षकांपुढे गुणांसाठी उतरणारे पथक अमेरिकेत 'ड्रम अँड बिगूल कोअर' या नावाने ओळखले जाते. क्लॅरिनेट, बासरी, सॅक्सोफोन यांना या पथकात स्थान नसते, आणि लग्नाच्या वरातीत किंवा पोलिसांच्या संचलनात दिसणाऱ्या बँडपासून ते प्रामुख्याने याच कारणाने वेगळे पडते. वादकांच्या जोडीला झेंडे, लाकडी बंदुका आणि तलवारी फिरवीत मैदानावर आकृत्या रचणारे निशाणपथकही त्यात असते. कराडला मध्यभागी धरून उत्तरेस साताऱ्यापर्यंत आणि दक्षिणेस मिरजेपर्यंत पसरलेल्या कृष्णाकाठावर असे दल हुबेहूब कोठे आढळत नाही. तथापि तुतारी, हलगी, ढोल, झांज, लेझीम, मिरवणुकीतले निशाण आणि पलटणीतला बिगूल असे त्याचे जवळजवळ सगळे घटक या भागात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेले आहेत. एकाच जातीचे हे घटक तिकडे एका स्पर्धेत गुंफले गेले आणि इकडे निरनिराळ्या वाटांनी गेले, याचे कारण वाद्यांत किंवा वादकांच्या कसबात शोधून सापडत नाही. ते बहुतांशी स्पर्धेचे नियम कोणी आणि कोणासाठी लिहिले या गोष्टीत आहे.

बिगूल हे रचनेने अतिशय साधे वाद्य होय. गुंडाळलेली पितळी नळी, एका टोकाला ओठ टेकवण्याची मुखिका आणि दुसऱ्या टोकाला पसरत गेलेला कर्णा, एवढेच त्याचे अंग. स्वर बदलण्यासाठी छिद्रे नाहीत की दट्टे नाहीत. नळीची लांबी ठरलेली असल्यामुळे तिच्यातील हवेचा स्तंभ एका मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्ण पटींतच निनादू शकतो आणि वादक ओठांचा ताण व फुंकेचा जोर बदलून या पटींपैकी हवी ती निवडतो. दुप्पट कंपनसंख्येचा स्वर षड्ज धरला तर तिपटीचा स्वर त्याचा पंचम, चौपटीचा तार षड्ज, पाचपटीचा तार गांधार आणि सहापटीचा तार पंचम ठरतो. पलटणीतील पहाटेच्या उठवणीपासून अंत्यसंस्काराच्या वेळी वाजणाऱ्या 'लास्ट पोस्ट'पर्यंतच्या साऱ्या धुना या पाच जागांवर, म्हणजे सा, ग आणि प या तीनच स्वरनामांत रचलेल्या असतात. ऋषभ, मध्यम, धैवत आणि निषाद त्यांना ठाऊकच नसतात. स्वरांची ही गरिबी युद्धभूमीवर गुणाची ठरली, कारण अशी धून गोंधळात आणि लांबवरूनही स्पष्ट ओळखू येते व एका आज्ञेची दुसरीशी सरमिसळ होत नाही.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय सैन्यांत लाइट इन्फन्ट्री, म्हणजे हलके पायदळ, हा प्रकार रुळला आणि त्याच्याबरोबर बिगूल पुढे आला. भारी पायदळ खांद्याला खांदा लावून रांगेत लढत असे व त्याला ढोलाचा ठेका पुरत असे. हलक्या पायदळाचे शिपाई मात्र झाडाझुडपांत आणि खडकांआड विखरून लढत, त्यांच्यापर्यंत हुकूम पोचवण्यासाठी ढोलापेक्षा हलके व अधिक भेदक वाद्य हवे होते. म्हणूनच हलक्या पायदळाच्या पलटणींनी बिगूल आपल्या निशाणीवर घेतला आणि आजही मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बोधचिन्हात तो आहे. या रेजिमेंटच्या सर्वांत जुन्या दोन पलटणी, 'जंगी पलटण' आणि 'काळी पाचवी', १७६८ मध्ये मुंबई इलाख्यात उभ्या राहिल्या. त्यांपैकी काळ्या पाचवीच्या तुकडीने १८४० मध्ये बलुचिस्तानातील काहूनची गढी महिनोन्‌महिने वेढ्यात राहून लढवली आणि त्या कामगिरीनंतर तिला लाइट इन्फन्ट्री हा मान मिळाला. सातारा जिल्ह्याने या पलटणींना सातत्याने माणसे पुरवली. अपशिंगे या एकट्या गावातील ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले आणि गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला. निवृत्त होऊन परतलेल्या शिपायांमुळे बिगुलाच्या वेळा, कवायतीचे हुकूम आणि पावलांचा ठेका या गोष्टी गावोगावच्या शाळांत व तालमींत शिरल्या. १९७१ च्या भारत-पाक युद्धातील विजयाचे स्मरण कराडात दर डिसेंबरात विजय दिवस समारोहाने केले जाते. लष्कराशी असलेले या भागाचे नाते आजही किती जवळचे आहे हे त्या समारोहातील गर्दीवरून समजते.

बिगूल येण्यापूर्वी या प्रदेशाचे रणवाद्य नव्हते असे नाही. तुतारी आणि शिंग ही वक्र पितळी वाद्ये, नगारा, ताशा आणि मर्फा ही चर्मवाद्ये मराठी सैन्याबरोबर चालत, आणि नौबत झडणे हे राज्यसत्तेचे इतके ठळक लक्षण मानले जाई की सरदारांना साहेबनौबतीचा मान स्वतंत्रपणे द्यावा लागे. तुतारीही बिगुलाप्रमाणेच छिद्रांवाचूनची असून तीत तेच भौतिक नियम चालतात. फरक असा की तिची नळी सुट्या तुकड्यांची, उघड्या कमानीसारखी वळलेली असते आणि तुतारीवाला स्वरांच्या ओळी रचण्याऐवजी एका लांब, चढत जाणाऱ्या ललकारीवर भर देतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सातारा मतदारसंघात 'तुतारी वाजवणारा माणूस' आणि 'ट्रम्पेट' या दोन चिन्हांच्या साधर्म्यावरून मोठा वाद झाला, तेव्हा या दोन वाद्यांतील भेद अनेकांनी प्रथमच नीट पाहिला असावा. बिगुलाने दिलेली आज्ञा शिपायाला अक्षरासारखी वाचता यावी लागते. तुतारीची ललकारी मात्र आगमनाची वर्दी देते, मग ते आगमन छत्रपतींचे असो, कराड तालुक्यातील पालीच्या खंडोबाच्या पालखीचे असो किंवा आखाड्यात उतरणाऱ्या मल्लाचे असो.

युद्धतंत्र बदलले, तारायंत्र आणि दूरध्वनी आले, आणि बिगुलाचे रणांगणावरील काम संपले. अमेरिकेत या रिकाम्या झालेल्या वाद्याला दुसरे आयुष्य लाभले. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, 'अमेरिकन लीजन' ही माजी सैनिकांची संघटना स्थापन झाली. तिच्या गावोगावच्या शाखांनी सैन्यातून निकालात निघालेले बिगूल आणि ढोल घेऊन पथके उभारली आणि १९२० च्या दशकाच्या आरंभापासून वार्षिक अधिवेशनांत त्यांच्या स्पर्धा होऊ लागल्या. पुढे याच शाखांनी आपापल्या वस्तीतील मुलांची पथके पोसली. परीक्षक स्वाभाविकपणे लष्करी दृष्टीचे होते. पथक मैदानात येण्यापूर्वी बुटांचे पॉलिश आणि गणवेशाच्या गुंड्या तपासल्या जात; वादन चालू असताना परीक्षक हाती कागद घेऊन रांगांमधून फिरत आणि चुकलेल्या प्रत्येक ठोक्याला, ढळलेल्या प्रत्येक पावलाला एक खूण करून गुणाचा दहावा भाग कापत. 'टिक पद्धती' नावाने ओळखली जाणारी ही रीत दीर्घकाळ टिकली आणि तिने वादनाला विलक्षण नेटकेपणा दिला. परंतु जो पथकप्रमुख अवघड रचना निवडील त्याला चुकण्याच्या जागाही अधिक मिळत, म्हणून साहसाला शिक्षा करणारी रीत हा तिचा दोष उरलाच. १९८४ पासून ती सोडून देण्यात आली.

ढोलाच्या बाजूने या स्पर्धांनी एक स्थायी काम केले. १९३३ मध्ये शिकागो येथे लीजनच्या अधिवेशनाच्या निमित्ताने जमलेल्या ढोलवादकांनी एक संघटना स्थापून दोन काठ्यांच्या वादनाचे मूलभूत घटक, ज्यांना 'रुडिमेंट' म्हणतात, निश्चित केले. त्यांची प्रमाण यादी २६ घटकांची होती व १९८४ मध्ये ती ४० पर्यंत वाढवण्यात आली. तबल्याच्या विद्यार्थ्याला बोल शिकवतात तसेच हे प्रकरण आहे: उजवा-डावा यांचा क्रम, दुहेरी आघात, आधी हलका स्पर्श करून मग येणारा जोराचा ठोका, अशा लहान घटकांना नावे दिली गेली आणि ती सगळीकडे सारखी झाली. एका राज्यातील मुलगा दुसऱ्या राज्यातील पथकात गेला तरी पहिल्या दिवसापासून त्याला तीच भाषा ऐकू येऊ लागली, आणि परीक्षकालाही काय ऐकायचे हे कळू लागले.

बिगुलाच्या अंगाने मात्र मुळाशी इमान राखणे कठीण गेले. सा-ग-पच्या चौकटीत फार काळ रमणे पथकांना जमले नाही, म्हणून नळीची लांबी क्षणभर वाढवणारा दट्ट्या बसवण्यात आला. १९७७ मध्ये दोन आणि १९९० मध्ये तीन दट्ट्यांच्या बिगुलांना मुभा मिळाली, आणि २००० पासून कोणत्याही पट्टीतील पितळी वाद्य चालू लागले. त्यानंतर ध्वनिवर्धक आले, विजेवर चालणारी वाद्ये आली. या प्रत्येक पायरीवर जुन्या वादकांनी कडाडून विरोध केला, आणि तो विरोध निव्वळ जुन्याचा हट्ट म्हणून बाजूला सारता येत नाही. ज्या वाद्याने या कलाप्रकाराला नाव दिले ते वाद्यच आज त्यात उरलेले नाही, ही हानी खरीच आहे. दुसऱ्या बाजूने, मैदानी वादनात जे संगीत आज ऐकू येते ते सा-ग-पच्या कुंपणात कधीच शक्य झाले नसते.

स्पर्धेच्या इतिहासातील निर्णायक वळण वाद्यात नसून कारभारात आहे. लीजन आणि तिच्यासारख्या माजी सैनिकांच्या संघटना नियम ठरवत, परीक्षक नेमत आणि बक्षिसाची रक्कम वाटत. वर्षभर मेहनत करणाऱ्या, स्वतःच्या खर्चाने शेकडो मैल प्रवास करणाऱ्या पथकांना या कशातही मत नव्हते. १९७१ मध्ये ट्रूपर्स, कॅव्हेलियर्स, मॅडिसन स्काउट्स, ब्लू स्टार्स आणि सांता क्लारा व्हॅनगार्ड या पाच पथकांनी एकजूट करून आपल्या अटी मांडल्या, आणि त्यातून 'ड्रम कोअर इंटरनॅशनल' ही पथकांचीच संस्था निघाली. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे झाली आणि ती कॅलिफोर्नियाच्या ॲनाहाइम किंग्जमेन या पथकाने जिंकली. आज या स्पर्धेत १०० गुणांपैकी ४० गुण एकंदर परिणामाला, ३० दृश्य अंगाला आणि ३० संगीताला असतात. २०१४ मध्ये ब्लू डेव्हिल्स पथकाने ९९.६५ गुण मिळवले, तो आजवरचा उच्चांक आहे. उन्हाळ्याच्या सुटीत दीडशेच्या आसपास तरुण एका पथकात राहतात, शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर झोपतात आणि दहा-बारा मिनिटांच्या एकाच सादरीकरणावर महिनोन्‌महिने काम करतात.

या सादरीकरणात एक अडचण अशी असते की जी कोणत्याही मोठ्या पथकाला, अमेरिकेतल्या असो वा कराडच्या, चुकत नाही. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर मागे उभ्या असलेल्या ढोलाचा ठोका पुढच्या रांगेला सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत एक मात्रा ०.३७५ सेकंदांची असते. तेव्हा हा उशीर पाव मात्रेहूनही मोठा ठरतो आणि सगळ्यांनी समोरच्या नायकाचा हात पाहून एकाच क्षणी वाजवले तर प्रेक्षकांच्या कानी ते फाटलेले येते. ड्रम कोअरने यावर उपाय असा काढला की ढोलवाद्ये शक्यतो मागे ठेवायची, लयीचा ताबा त्यांच्याकडे द्यायचा आणि पुढच्यांनी नजरेपेक्षा मागून येणाऱ्या आवाजावर विसंबून वाजवायचे. मागचा ध्वनी वाटेत पुढच्यांना आपल्यासोबत घेत जातो आणि सारे मिळून प्रेक्षकांपर्यंत एकदम पोचतात. पावलांचेही असेच गणित आहे. पाच यार्डांत आठ पावले, म्हणजे दर पाऊल सुमारे ५७ सेंटिमीटरचे, आणि टाच आधी टेकवून तळवा हळूहळू पुढे लोळवत टाकायचे, की जेणेकरून ओठांवरची मुखिका हलू नये.

आता कृष्णाकाठाकडे वळले असता पहिले नाव हलगीचे घ्यावे लागते, कारण या भागातील कोणत्याही सार्वजनिक प्रसंगाची लय तिच्या हाती असते. सुमारे वीतभर त्रिज्येचे कडे, पूर्वी लाकडी आणि आता बहुधा लोखंडी, त्यावर ताणून बसवलेले बकऱ्याचे कातडे, आणि दोन काठ्या: उजव्या हातात आखूड व जाड, डाव्या हातात लांब, बारीक आणि लवचीक. डाव्या खांद्यावरून अडकवलेली हलगी छातीशी तिरपी धरली जाते. जाड काठी मुख्य ठोके देते आणि बारीक काठी त्यांच्या मधल्या जागा कडकड्यांनी भरते. कातडे हवेतील दमटपणाने सैल पडते, म्हणून वाजवण्यापूर्वी आणि मधून मधूनही पाचटाचा किंवा कागदाचा जाळ करून हलगी शेकावी लागते. मैदानाच्या कडेला उकिडवा बसलेला वादक कडे जाळावर फिरवतो, बोटाने टिचकी मारून आवाज पाहतो, पुन्हा फिरवतो, आणि कातडे टणत्कार देऊ लागले म्हणजेच उठतो. पावसाळ्यात होणाऱ्या गणेशोत्सवात हे काम किती वेळा करावे लागत असेल याची कल्पना करता येते, आणि कातड्याऐवजी कृत्रिम पानांच्या वाद्यांकडे पथके का वळली हेही त्यावरून उमगते. हलगीला खर्जाची साथ घुमके देते, आणि 'हलगी-घुमकं' ही जोडी या भागात एकच वाद्य असल्यासारखी बोलली जाते.

कुस्तीच्या मैदानात या जोडीचे काम लष्करी ढोलाच्या फार जवळ जाते. पलूस तालुक्यातील कुंडलसारख्या मोठ्या मैदानांत मल्ल आखाड्यात येताना एक चाल, सलामी झडताना दुसरी, पकड बसल्यावर लय चढवणारी तिसरी, आणि कुस्ती चितपट झाली की तुतारीसह उठणारा कडकडाट, असा क्रम असतो. लांब बसलेल्या प्रेक्षकाला मल्ल दिसला नाही तरी आखाड्यात काय चालले आहे ते कानांनी कळते. बिगुलाच्या धुनांसारखी ही संकेतांचीच भाषा होय. ती कागदावर उतरलेली नाही. ती प्रामुख्याने मातंग, होलार आणि अन्य वाजंत्री समाजांतील घराण्यांनी सांभाळली, ज्यांना गावगाड्याने वाद्य वाजवण्याचे काम नेमून दिले, मानपान मात्र दिला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीनंतर हीनत्व लादणारी गावकामे सोडण्याचा निर्धार अनेकांनी केला आणि त्यात वाद्यही सुटले. तो निर्धार योग्यच होता, आणि त्याबरोबर काही चाली लोपल्या असतील तर त्याचा दोष वाद्य खाली ठेवणाऱ्यांकडे जात नाही. याच भागातील वाळवा तालुक्यात, वाटेगाव येथे जन्मलेल्या अण्णाभाऊ साठे यांनी अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा लोकवाद्यांचा ठेका गावकीच्या सेवेतून बाहेर पडून लोकांच्या प्रश्नांच्या बाजूने व्यासपीठावर उभा राहिला. पथक या कल्पनेला मराठीत जो मान आहे त्यात या कलापथकांचा वाटा मोठा आहे.

कवायतीचे अंग लेझमीने पुरवले. लाकडी दांडा, त्याला धनुष्याच्या दोरीसारखी लावलेली लोखंडी साखळी आणि साखळीत ओवलेल्या चकत्या असे हे साधन मुळात तालमीतील व्यायामाचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बडोद्याचे जुम्मादादा व्यायाममंदिर आणि १९१४ मध्ये स्थापन झालेले अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अशा संस्थांनी देशी व्यायामाला सांघिक शिस्त दिली. कराड तालुक्यातील काले येथे १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या आणि तिच्यासारख्या अन्य संस्थांच्या शाळा खेडोपाडी पोचल्या, तसे लेझमीचे 'चार आवाज' आणि 'आठ आवाज' शाळेच्या पटांगणावर रुळले. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धेच्या उद्‌घाटनात सांगली जिल्ह्यातील एका गावच्या चारशेहून अधिक लेझीमपटूंनी मैदान गाजवले. चारशे माणसे एका हलगीच्या लयीवर एकदम वळतात, बसतात आणि झेप घेतात, हे काम कोणत्याही ड्रम कोअरच्या मैदानी आकृतिबंधाइतकेच अवघड आहे, आणि ते शेतीची कामे सांभाळून तयार झालेल्या माणसांनी केलेले होते.

लेझमीच्या शेजारी झांजपथक वाढले. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत हे पथक म्हणजे हातांत झांजा घेतलेल्या वीस-तीस मुलामुलींचे कडे, मध्ये ढोल-ताशे, आणि शिट्टीच्या इशाऱ्यावर बदलणाऱ्या चाली. नाचता नाचता गुडघ्याखालून, पाठीमागून, शेजाऱ्याच्या झांजेवर आघात करायचा, मधूनच मनोरा रचायचा व त्याच्या टोकावरच्या मुलाने निशाण फडकवायचे. पूर्वेकडे, माण-खटाव आणि आटपाडी-जतच्या दुष्काळी पट्ट्यात, धनगरांचे गजीनृत्य आहे, ज्यात भलेमोठे ढोल, कैताळ म्हणजे मोठ्या झांजा, आणि हातरुमाल उडवीत रिंगणात फिरणारे नर्तक असतात. या साऱ्यांत चढाओढ जन्मजात आहे. यात्रेत दोन गावांची पथके समोरासमोर आली की थांबायचे कोणी यावरून रात्र सरते. निकाल देणारा परीक्षक नसतो, गर्दी ज्या बाजूला सरकते ती बाजू जिंकते.

गणेशोत्सवातील लिखित स्पर्धा या परंपरेवर वरून येऊन बसल्या. नगरपालिका, वृत्तपत्रे, सहकारी बँका आणि पोलीस ठाणी बक्षिसे लावतात, परंतु त्यांचे गुण मंडळाला असतात: देखावा, शिस्त, वेळेवर विसर्जन, ध्वनिमर्यादेचे पालन. वाद्यपथक त्या गुणपत्रकातील एक ओळ ठरते. मंडळ पथकाला सुपारी देते, म्हणजे ठरावीक रकमेवर बोलावते, आणि ढाल मंडळाच्या कार्यालयात जाते. १९७१ पूर्वी अमेरिकेतील पथकांची जी तक्रार होती तिचे स्वरूप यापेक्षा फारसे निराळे नव्हते.

पुण्यात या परिस्थितीतून एक निराळी वाट निघाली. मावळ-मुळशीकडची ढोल-लेझीम पथके शहरातील मिरवणुकीत पूर्वीपासून येत. १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी स्थापन करणाऱ्या अप्पा पेंडसे यांच्या प्रेरणेने विद्यार्थ्यांचे शिस्तबद्ध पथक मिरवणुकीत उतरले, पुढे शाळांच्या माजी विद्यार्थ्यांनी आपापली पथके काढली, आणि गणवेश, हजेरी, नदीपात्रातील दोन-दोन महिन्यांचा सराव, ध्वजधाऱ्यांची स्वतंत्र तुकडी असे सारे घटक जुळून आले. ढोलाच्या एका पानावर टिपरू आणि दुसऱ्यावर हाताची थाप, ताशाने लय धरायची आणि ढोलांनी ती भरून काढायची, ही रचना ड्रम कोअरमधील बारीक व जाड ढोलांच्या श्रमविभागणीशी नकळत जुळते. या पथकांनी ढोल-ताशा महासंघ स्थापून आपली बाजू मांडायला आरंभ केला, आणि त्याची कसोटी २०२४ मध्ये लागली: राष्ट्रीय हरित लवादाने एका पथकात ३० जणांची मर्यादा घातली व १२ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्देशाला स्थगिती दिली. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची कायदेशीर मर्यादा आहे आणि रुग्णालये, वृद्ध व लहान मुले यांचा विचार करता ध्वनीचा प्रश्न गंभीरच आहे. तथापि डोकी मोजून आवाज मोजला जात नाही. कलेचे मोजमाप तर त्याने मुळीच होत नाही. वादकांची संघटना असली म्हणजे असे निर्णय तिला ऐकून घेऊन होण्याची शक्यता निर्माण होते, आणि कराड-सांगलीच्या झांजपथकांना व हलगीवाल्यांना नेमकी तीच उणीव भासते.

बिगुलाने भारतीय स्वरांशी नाते जोडावे असा प्रयत्नही महाराष्ट्रात झालेला आहे. १९२७ पासून नागपुरात घडत गेलेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या घोषपथकात बिगुलाला शंख, बाजूच्या ढोलाला आनक, मोठ्या ढोलाला पणव आणि झांजेला झल्लरी अशी नावे असून त्यातील अनेक रचना रागांवर आधारलेल्या आहेत. वाद्यमेळाच्या दृष्टीने राज्यातील ढोल-बिगूल दलाच्या सर्वांत जवळ जाणारा प्रकार हाच. पण तो संचलनासाठी आहे, स्पर्धेसाठी नाही.

हलगीचे गुणपत्रक हलगीवाल्यांनीच लिहायचे ठरवले तर त्यात काय असेल, हे त्यांच्या बोलण्यातून आजही समजू शकते. शेकलेल्या कातड्याचा टणत्कार किती वेळ टिकला, बारीक काठीचे कडके जाड काठीच्या ठोक्यांत बुडाले की सुटे ऐकू आले, लय चढवताना घुमके मागे पडले का, पैलवानाचा डाव ओळखून चाल योग्य क्षणी बदलली का, या गोष्टी जाणकार वादक शेजारच्याविषयी सहज बोलून जातो. १९३३ मध्ये शिकागोत जमलेल्यांनी याहून वेगळे काही केले नव्हते. आपण रोज वाजवतो त्याला नावे दिली आणि ती सर्वांनी मान्य केली. कृष्णाकाठच्या चालींची अशी नोंद वादकांच्या नावांसह आणि त्यांच्या संमतीने होणे हे लोकसंगीताच्या अभ्यासकांपुढील तातडीचे काम आहे, कारण डॉल्बीच्या भिंतींपुढे हलगीची सुपारी दरवर्षी कमी होत आहे व चाली जाणणारे हात म्हातारे होत आहेत.

देशातील पहिली सैनिकी शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली, आणि कवायत व बँड यांचे वळण असलेल्या शाळा या भागात आज पुष्कळ आहेत. संरक्षण आणि शिक्षण ही दोन केंद्रीय मंत्रालये मिळून प्रजासत्ताक दिनानिमित्त शालेय बँडची जी राष्ट्रीय स्पर्धा घेतात तिच्यात मुलांसाठी आणि मुलींसाठी पाइप बँड व ब्रास बँड असे मिळून चार गट आहेत. ज्या सांगली जिल्ह्याने आशियाई स्पर्धेच्या मैदानात चारशे लेझीमपटू उतरवले त्याच्या हलगीसाठी, झांजेसाठी आणि तुतारीसाठी त्यांत गट नाही.